एलएलएमला माहिती तंत्रज्ञान कायदा: वाचन, डिझर्टेशन आणि सातारा-सांगलीत बसून होणारं काम

माणदेशी
राम राम मंडळी. एलएलबी झालं, आता एलएलएमला माहिती तंत्रज्ञान कायदा घ्यायचं नक्की आहे. मुक्काम सातारा, कॉलेज कोल्हापूर-सांगलीकडे. तीन गोष्टी विचारायच्यात. संगणकाची पार्श्वभूमी नसेल तर कितपत अडतं? वाचायला सुरुवात कुठून करायची? आणि दर आठवड्याला पुणे-मुंबई न करता इथूनच माहिती गोळा होईल असा डिझर्टेशनचा विषय कोणता? 'भारतातील सायबर गुन्हे: एक चिकित्सक अभ्यास' सोडून काहीही सुचवा. त्या नावाने लायब्ररीची कपाटं भरलीत.

कोयनाकाठ
सुरुवात कायद्याच्या प्रतीपासून करा, आणि ती प्रत कधीची आहे ते आधी बघा. या विषयात निम्मे गुण तिथेच जातात.

मूळ कायदा २००० चा, १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. मोठी दुरुस्ती २००८ ची, लागू २७ ऑक्टोबर २००९. इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं. पुढचं नसतं. ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल निकालात २४ मार्च २०१५ ला रद्द केलं हे सगळे लिहितात, पण २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ते कायद्याच्या पुस्तकातूनही वगळलं आणि त्याच फटक्यात इतर कलमांचे दंडही बदलले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ७२अ चा (करारातून हाती आलेली वैयक्तिक माहिती फोडणं) दंड पाच लाखांवरून पंचवीस लाखांवर गेला. उत्तरपत्रिकेत पाच लाख लिहिलं की परीक्षकाला कळतं, प्रत जुनी आहे.

दुसरं उदाहरण पहिल्या अनुसूचीचं. कायदा ज्या दस्तांना लागू नाही त्यांची ती यादी. जुन्या पुस्तकांत स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार त्यात दिसेल. २०२२ च्या अधिसूचनेने तो काढला. मृत्युपत्र अजून आहे.

तेव्हा इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून अद्ययावत मजकूर उतरवा, पहिल्या पानावर उतरवल्याची तारीख टाका, आणि प्रत्येक कलमाच्या तळटीपा वाचा. कोणत्या कायद्याने, कोणत्या तारखेपासून बदल झाला ते तिथेच असतं. तळटीप न वाचणाऱ्याने हा विषय घेऊच नये, असं आपलं माझं मत.

हळद_वायदा
कोयनाकाठ यांच्याशी सहमत. एक भर: नुसता कायदा वाचून भागत नाही, खरी मेख नियमांत आणि निर्देशांत आहे. ७०ब कलम वाचलं तर कळतं की सर्ट-इन नावाची केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा आहे. पण सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवायचे, हे येतं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतून. कलम ७९ चंही तसंच. मध्यस्थाला (समाजमाध्यमांसारख्या, दुसऱ्यांचा मजकूर वाहणाऱ्या सेवेला) संरक्षण कलमाने मिळतं, ते टिकवायला काय करायचं ते २०२१ चे नियम सांगतात, आणि ते नियम नंतर अनेकदा बदललेत. त्यातली केंद्राच्या 'फॅक्ट चेक युनिट'ची २०२३ ची दुरुस्ती आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने घालवली. जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, तिसऱ्यांनी सप्टेंबर २०२४ ला कौल दिला. तिन्ही मतं वाचा. एकाच नियमाकडे तीन न्यायाधीश कसे बघतात हे वर्गात शिकवून समजत नाही.

आणि हा विषय म्हणजे फौजदारी कलमांची यादी नव्हे. विद्यार्थी ६५ ते ६७ब पाठ करून येतात आणि ४३ व ४६ वर गप्प बसतात. नुकसानभरपाईचा सगळा मार्ग तिथे आहे. पाच कोटींपर्यंतचा दावा ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे जातो. हा अधिकारी म्हणजे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव, कार्यालय मंत्रालयात. २००३ च्या नियमांत फीचा तक्ता आहे: लाखाच्या वरच्या दाव्याला ५,००० रुपये अधिक लाखाच्या वरच्या रकमेवर २ टक्के. म्हणजे विट्याच्या एखाद्या व्यापाऱ्याचे चार लाख गेले तर ५,००० अधिक तीन लाखांचे दोन टक्के ६,०००, एकूण ११,०००, आणि अर्जाचे ५० वेगळे. त्याच नियमांत प्रकरण शक्यतो चार महिन्यांत आणि एकूण सहा महिन्यांत संपवावं असं आहे. अपील टीडीसॅटकडे (दूरसंचार वाद निवारण व अपील न्यायाधिकरण) ४५ दिवसांत, तिथून उच्च न्यायालयात ६० दिवसांत. २०१७ आधीचं पुस्तक 'सायबर अपेलेट ट्रिब्युनल' म्हणेल. ते वित्त कायद्याने टीडीसॅटमध्ये विलीन झालं.

नवशिका_कराड
+१. पण ४३अ (कंपनीच्या निष्काळजीपणाने संवेदनशील माहिती फुटली तर भरपाई) आता वाचायची गरज नाही ना? नवीन डेटा संरक्षण कायद्याने ते काढलंय.

हळद_वायदा
थांबा, घाई होतेय. २०२३ च्या कायद्याचं ४४(२) कलम ४३अ वगळतं, बरोबर. पण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. नोव्हेंबर २०२५ ला नियम आले तेव्हा डेटा संरक्षण मंडळाविषयीची कलमं लगेच लागू झाली, संमती व्यवस्थापकाचा भाग वर्षाने, आणि मुख्य जबाबदाऱ्या व ४४(२) हे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तोवर ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम जिवंत आहेत. गंमत अशी की ४४(३), ज्याने माहिती अधिकाराचं ८(१)(ज) (वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम) बदललं, ते मात्र पहिल्याच दिवशी लागू झालं. एकाच कलमाची पोटकलमं वेगवेगळ्या तारखांना जागी होतात. कायदा मंजूर कधी आणि लागू कधी, हे दोन रकाने वहीत कायम वेगळे ठेवा.

मेणवली_घाट
संगणकाच्या पार्श्वभूमीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. चार गोष्टी हाताने करून बघितलेल्या हव्यात: हॅश (मजकुरावरून निघणारा फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढणं, ईमेलचा पूर्ण हेडर वाचणं, आयपी पत्ता आणि त्याची वेळ कोणत्या घड्याळात नोंदलीय ते बघणं, आणि डिजिटल स्वाक्षरी तपासणं. बाकी ओघाने येतं.

हॅशचं विस्ताराने सांगतो, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ (इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि त्याचं प्रमाणपत्र) त्यावाचून कळत नाही. नोटपॅडमध्ये 'सातारा' एवढाच शब्द लिहून फाईल सेव्ह करा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाईलहॅश' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करून पुढे फाईलचं नाव द्या. ६४ अक्षरांची ओळ येईल, ती शा-२५६. फाईलचं नुसतं नाव बदलून पुन्हा काढा: ओळ तीच. आता फाईलमध्ये शब्दापुढे एक मोकळी जागा सोडून सेव्ह करा: ओळीत ओळखीचं काही उरत नाही. पुढे मोबाईलमधला एक फोटो घ्या. मूळ फाईल, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली, तिघांचा हॅश काढा. पहिली आणि तिसरी जुळेल, दुसरी जुळणार नाही, कारण फोटो म्हणून पाठवताना ॲप तो दाबून लहान करतं.

आता हे न्यायालयात न्या. फिर्यादी भावाच्या मोबाईलवर फोटो फॉरवर्ड करतो, भाऊ तो पेनड्राइव्हवर घालून ठाण्यात देतो, आणि प्रमाणपत्रावर त्या पेनड्राइव्हमधल्या फाईलचा हॅश येतो. प्रमाणपत्र निर्दोष, पण मूळ फोटोशी त्याचं नातं सिद्ध होत नाही. उलटतपासणीत नेमकं इथे बोट ठेवलं जातं. हॅश सांगतो एवढंच, की तो काढल्यापासून फाईल बदललेली नाही. आतला मजकूर खरा आहे असं तो कधीच सांगत नाही. हा फरक लिहिता आला तर साक्षीपुराव्याचा पेपर निम्मा सुटला.

कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत आहे. भाग 'अ' रेकॉर्ड देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब मध्ये हा दुसरा भाग नव्हता. हॅश कोणत्या पद्धतीने काढला याच्या चौकटी आहेत: शा-१, शा-२५६, एमडी-५ आणि इतर. एमडी-५ आणि शा-१ या दोन्हींत वेगळ्या फाईलींचा एकच हॅश जाणूनबुजून तयार करता येतो हे जाहीर झालेलं आहे, तरी नमुन्यात त्या आहेत. इथेच एक प्रकरण उभं राहतं.

माणदेशी
हे उद्याच करून बघतो. निकाल कोणते आणि कोणत्या क्रमाने?

मेणवली_घाट
सगळे सर्वोच्च न्यायालयाचे: २००५ चा नवज्योत संधू, २०१४ चा अन्वर, २०१८ चा शफी मोहम्मद, मग १४ जुलै २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर. याच क्रमाने, मधला एकही न गाळता. शेवटचा आपल्याकडचा, जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून आलेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण असलेल्या सीडी होत्या, उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा एवढा वाद होता, आणि मागूनही कार्यालय प्रमाणपत्र देईना. न्यायालय म्हणालं, मूळ यंत्रच मालकाने साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्र नको, प्रत दिली तर हवंच. आणि संबंधित माणूस देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं. आता प्रश्न असा की १ जुलै २०२४ ला साक्ष्य अधिनियम लागू होऊन नव्या कलमात 'तज्ज्ञ' हा शब्द आल्यावर, यातलं काय टिकतं. परीक्षेत हाच येणार.

मिरज_जंक्शन
प्रवेशाचं थोडक्यात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट पीजी: १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. त्यात सायबर कायद्याचा वेगळा विभाग नाही. राज्यघटना, करार, अपकृत्य, फौजदारी अशा मूलभूत विषयांवरच भर, म्हणून आवडत्या विषयाची तयारी तिथे कामाला येत नाही. इथल्या कॉलेजांचं माहितीपत्रक बघताना स्पेशलायझेशनच्या नावावर जाऊ नका. त्या गटात प्रत्यक्ष कोणते पेपर यंदा शिकवणार आहेत, आणि गाईड कोण, हे कार्यालयात जाऊन विचारा. कागदावर सहा ऐच्छिक, चालू दोन, असं असतं.

प्राध्यापकी डोक्यात असेल तर एलएलएमला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. नेटच्या विधी अभ्यासक्रमातलं नववं युनिट बौद्धिक संपदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं आहे, तेव्हा दुहेरी फायदा. नालसार किंवा बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे सायबर कायद्याचे पदविका अभ्यासक्रम चांगले, पण पदविका ही एलएलएमच्या जागी चालत नाही. आणि दूरस्थ एलएलएमच्या जाहिरातींना भुलू नका. यूजीसीच्या नियमांत कायदा हा दूरस्थ शिक्षणासाठी बंद असलेला विषय आहे.

कोयनाकाठ
डिझर्टेशनकडे येऊ. माझी सूचना: कलमांची आच्छादनं, म्हणजे एकाच कृत्यावर दोन कायद्यांची कलमं लागणं. सविस्तर सांगतो.

कोणी पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करतो आणि पैसे उकळतो. यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड लागतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ७७ब प्रमाणे जामीनपात्र. त्याच कृत्यावर भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) (फसवणूक) लावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. शिवाय सात वर्षं झाली की नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३) मधल्या न्यायवैद्यक पथकाच्या भेटीचा प्रश्न येतो. एक कलम वाढवलं की अख्ख्या प्रकरणाचं वजन बदलतं.

ते वाढवता येतं का? सर्वोच्च न्यायालयाने शरत बाबू दिगुमर्ती निकालात अश्लील मजकुरापुरतं म्हटलं की विशेष कायदा लागू असेल तिथे भारतीय दंड संहितेचं २९२ (अश्लील साहित्य) लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या गगन हर्ष शर्मा निकालात तेच तत्त्व डेटाचोरीला लावलं आणि दंड संहितेची ४०८ (नोकराने केलेला विश्वासघात), ४२० (फसवणूक) काढून टाकली. आता ही तत्त्वं ६६ड आणि ३१८(४) च्या जोडीला लागतात का, आणि आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्षात काय होतं, हा डिझर्टेशनचा प्रश्न झाला. एका ओळीत मांडता येतो, उत्तर होय किंवा नाही असं येऊ शकतं, आणि सामग्री साताऱ्यात बसून मिळते.

हळद_वायदा
सामग्री कुठून, ते मी सांगतो. पहिलं, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले एफआयआर. जिल्हा सातारा किंवा सांगली, ठाणं, तारखांचा टप्पा टाका. मराठीतच असतात. २०१६ च्या यूथ बार असोसिएशन निकालानंतर चोवीस तासांत अपलोड करायचा दंडक आहे, पण संवेदनशील प्रकरणं वगळली जातात. म्हणजे ६७ब (मुलांचं अश्लील चित्रण) सारखी कलमं तुमच्या नमुन्यात मुळातच येणार नाहीत, आणि 'आमच्या जिल्ह्यात असे गुन्हे नाहीत' असा निष्कर्ष काढला की तोंडी परीक्षेत पंचाईत. फक्त सायबर ठाण्यावरही थांबू नका. कराड, इस्लामपूर, वाई, मिरज इथल्या नेहमीच्या ठाण्यांतही ६६क (ओळखचोरी), ६६ड दाखल होतात. फक्त ७८ कलमामुळे तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तपास कुणी केला हा रकाना तक्त्यात ठेवा. दोषारोपपत्र हाती आलं तर तिथून भरता येतो आणि बऱ्याचदा तिथेच काहीतरी सापडतं.

दुसरं, ई-कोर्ट्स हे न्यायालयांचं संकेतस्थळ. जिल्हा न्यायालय निवडून 'कायद्यानुसार' शोध घ्या, प्रलंबित आणि निकाली वेगळे. एकाच कायद्याच्या नावाच्या दोन-तीन नोंदी असू शकतात, सगळ्या चाळा. प्रत्येक प्रकरणाचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक हाच तुमच्या तक्त्याचा पहिला रकाना.

तिसरं, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी. ती जपून वापरा. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असतील तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. ६६ड बरोबर मोठं कलम असेल तर ते प्रकरण भलत्याच रकान्यात जातं. तुमचा विषयच कलमांच्या जोडीचा, तेव्हा ही आकडेवारी प्रस्तावनेपुरती.

माहिती अधिकारात फक्त संख्या मागा: अमुक कालावधीत अमुक कलमाखाली दाखल किती, दोषारोपपत्र किती, दोषसिद्धी किती. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. नावं किंवा तपासाचे कागद मागितले की ८(१)(ह) (तपासात अडथळा) किंवा बदललेल्या ८(१)(ज) खाली परत येणार, आणि महिना वाया.

सदाशिवगड
एवढे एफआयआर वाचून काय साधणार? एलएलएमला सैद्धांतिक काम पुरतं. युरोपचा जीडीपीआर (तिकडचा डेटा संरक्षण कायदा) आणि आपला २०२३ चा कायदा, तौलनिक अभ्यास, दीडशे पानं, विषय संपला.

कोयनाकाठ
संपतो, म्हणूनच करू नये. दोन्ही कायद्यांची कलमं समोरासमोर ठेवून तक्ता करणं म्हणजे तुलना नव्हे. जीडीपीआरखाली २०१८ पासूनचे निर्णय आहेत, आपल्याकडे मुख्य कलमं अजून लागूच नाहीत. एका बाजूला खटले, दुसऱ्या बाजूला नुसता मजकूर. तुलना करायचीच असेल तर एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती पडताळायची कशी, आणि तेवढ्यावर ऐंशी पानं लिहा.

सैद्धांतिक काम कमी दर्जाचं असं मी म्हणत नाही. कलम ७९(३)(ब) वर सप्टेंबर २०२५ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने एक्स कॉर्पच्या 'सहयोग' (मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवायचं सरकारी पोर्टल) प्रकरणात निकाल दिला. तो श्रेया सिंघलशी (त्यात ७९(३)(ब) चाही अर्थ लावलाय) जुळतो का, यावर एकही आकडा न घेता उत्तम डिझर्टेशन होईल. पण माणदेशींनी इथून होणारं काम विचारलंय, आणि एफआयआर पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला जेवढे जवळ तेवढेच साताऱ्याला. शिवाय मराठी पोलिसी भाषा आपल्याला लवकर लागते.

मिरज_जंक्शन
नमुना किती घ्यावा, हा वाद गाईडशी होणारच. दोन जिल्हे, बारा महिने, ठरावीक ठाणी आणि त्यातले सगळे एफआयआर, हे 'निवडक पन्नास' पेक्षा केव्हाही बरं. निवडक म्हटलं की कुणी निवडले, कसे, असं सुरू होतं. तारखांचा टप्पा १ जुलै २०२४ च्या अलीकडे-पलीकडे पसरवू नका. जुनी संहिता आणि नवी संहिता एकाच तक्त्यात आली की कलमांची गल्लत होते. सगळं नव्या संहितेखालचंच घ्या.

आणि नावं! एफआयआर जाहीर असला तरी फिर्यादीचं नाव, मोबाईल, खाते क्रमांक डिझर्टेशनमध्ये येता कामा नये. गुन्हा क्रमांक, ठाणं आणि वर्ष पुरे. डेटा संरक्षणावर लिहिणाऱ्यानेच परिशिष्टात लोकांचे खाते क्रमांक छापले तर काय बोलणार.

मेणवली_घाट
साहित्यचोरीच्या तपासणीबद्दल: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं, चाळीसच्या वर एका वर्षाची बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. कायद्याचा मजकूर आणि संदर्भ देऊन केलेलं उद्धरण यातून वगळायचं असतं, पण सॉफ्टवेअर ते आपोआप वगळतंच असं नाही. कलमं अवतरण चिन्हांत, वेगळ्या परिच्छेदात ठेवा, म्हणजे अहवाल आल्यावर ग्रंथपालांना दाखवून वगळता येतील. कायद्याच्या डिझर्टेशनमध्ये साम्य फुगतं ते यामुळेच.

हळद_वायदा
एक राहिलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सांगली दोन्ही त्याच्या अखत्यारीत. गुन्हा रद्द करण्याचे आणि जामिनाचे आपल्या जिल्ह्यांतले नवे अर्ज तिथे. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधताना मुंबईचं मुख्य पीठ आणि कोल्हापूर असं दोन्हीकडे शोधा, नाहीतर ऑगस्ट २०२५ नंतरचे आदेश निसटतील. निकालांसाठी पैसे भरायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआरवर फुकट आहेत, काहींचे मराठी अनुवादही. अनुवाद समजायला वापरा, उद्धृत मात्र इंग्रजी मूळच करा.

माणदेशी
सगळ्यांचे आभार, वाखुसा (वाचनखूण साठवली). विषय कोयनाकाठांचाच धरतो: ६६ड आणि ३१८(४), सातारा व सांगली, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. एकच शंका. एफआयआर पीडीएफ म्हणून उतरवून घेतले आणि उद्या संकेतस्थळावरून गेले, तर परीक्षकाला दाखवायचं काय?

मेणवली_घाट
उतरवताक्षणी, फाईल उघडायच्या आधी, हॅश काढा. तक्त्यात चार रकाने: फाईलचं नाव, कुठून उतरवली, तारीख-वेळ, शा-२५६. रोजच्या कामाअखेरीस तो तक्ता स्वतःलाच ईमेल करून टाका, म्हणजे तारखेला बाहेरचा आधार मिळतो. पीडीएफवर रेघा मारायच्या असतील तर दुसरी प्रत करून तिच्यावर मारा. मूळ फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर, नुसता वाचण्यापुरता.

कोयनाकाठ
आणि गाईडची सही सिनॉप्सिसवर (संशोधनाच्या आराखड्यावर) झाल्याशिवाय उतरवायला बसू नका. तारखांचा टप्पा तेच बदलायला लावतात.